न्यूट आणि सॅलमँडर पाळताना: आधी ओळख, मग टाकी, प्राणी सगळ्यात शेवटी

न्यूट किंवा सॅलमँडर (दिसायला पालीसारखे, शेपटी असलेले उभयचर) पाळणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. आधी प्राणी घरी येतो, मग टाकीची शोधाशोध होते, आणि तो नेमका कोण आहे हे तो खायचा बंद झाल्यावर विचारलं जातं. क्रम बरोबर उलटा हवा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे, त्यामुळे टप्पे पुढेमागे करू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. हे उभयचर प्राणी तोंडाने पाणी पीत नाहीत, कातडीतून शोषून घेतात. श्वासाचा मोठा भागही कातडीतूनच चालतो. म्हणजे पाण्यात किंवा मातीत जे काही विरघळलेलं असेल, ते थेट त्यांच्या अंगात जातं. मासे पाळायचा अनुभव इथे उपयोगी पडतो, पण तेवढ्यावर भागत नाही.

## टप्पा १: कोण आहे ते ओळखा

पहिला प्रश्न: ही पाल किंवा सरडा तर नाही ना? पालीला खवले असतात, बोटांना नखं असतात आणि डोळ्यामागे कानाचं छिद्र दिसतं. सॅलमँडरला यातलं काहीच नसतं. कातडी उघडी आणि ओलसर असते. पुढच्या पायांना चार बोटं आणि मागच्यांना बहुधा पाच.

दुसरा प्रश्न: न्यूट की सॅलमँडर? प्रत्येक न्यूट हा सॅलमँडरच असतो. सॅलमँड्रिडी कुळातल्या एका गटाला न्यूट म्हणतात, इतकंच. न्यूटची कातडी जमिनीवर असताना खरखरीत किंवा मखमली लागते. इतर बऱ्याच सॅलमँडरची कातडी गुळगुळीत, चकचकीत असते आणि त्यांच्या कुशीवर बरगड्यांसारख्या उभ्या खाचा दिसतात. पाण्यात राहणाऱ्या न्यूटची शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी, वल्ह्यासारखी असते, तर जमिनीवरच्या सॅलमँडरची गोल.

फक्त रंगावर आणि राहण्याच्या जागेवर विसंबू नका, कारण तोच प्राणी वयानुसार बदलतो. उत्तर अमेरिकेतला ईस्टर्न न्यूट पाण्यात जन्मतो, मग काही वर्षं भडक नारिंगी रंगात जंगलातल्या पाचोळ्यात काढतो आणि पुढे हिरवट होऊन पुन्हा पाण्यात परततो. नारिंगी अवस्थेतलं पिल्लू "पाण्यातला प्राणी आहे" म्हणून खोल पाण्यात सोडलं तर ते बुडू शकतं.

तिसरा प्रश्न: डोक्यामागे पिसांसारखे बाहेरचे कल्ले आहेत का? असतील तर ते एकतर पिल्लू आहे, किंवा ॲक्सोलोटलसारखी आयुष्यभर पिल्लाच्याच रूपात राहणारी जात आहे. टायगर सॅलमँडरची पिल्लं ॲक्सोलोटल म्हणून विकली जातात आणि काही महिन्यांनी त्यांचे कल्ले आखडायला लागतात. त्या वयात दोन्ही इतकी सारखी दिसतात की खात्री पैदास करणाऱ्याच्या नोंदीवरूनच होते. नोंद नसेल, तर घेऊ नका.

जास्त गोंधळ होतो तो लाल पोटाच्या काळ्या न्यूटमध्ये. तिघांची चिन्हं अशी:

- चिनी फायर-बेली, म्हणजे सायनॉप्स ओरिएंटॅलिस: ६ ते १० सेंटीमीटर, कातडी बरीच गुळगुळीत, शेपटीचं टोक गोलसर, डोळ्यांमागच्या ग्रंथी फारशा उठून दिसत नाहीत.
- जपानी फायर-बेली, म्हणजे सायनॉप्स पायऱ्होगॅस्टर: थोडा मोठा, कातडी दाणेदार, डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी, शेपटी टोकाकडे निमुळती.
- पॅडल-टेल, म्हणजे पॅकीट्रायटन: अंग गुळगुळीत तपकिरी, डोकं रुंद आणि चपटं, शेपटी फावड्यासारखी. डोंगरी ओढ्यातला हा प्राणी आपल्या हद्दीसाठी भांडतो.

हा तिसरा "मोठा फायर-बेली" म्हणून विकला जातो. माझ्याकडे अशीच एक जोडी आली होती. दहाव्या दिवशी एकाच्या शेपटीचा तुकडा गेलेला होता आणि मागच्या पायाची दोन बोटं नव्हती. तोपर्यंत मी पाणीच खराब आहे असं समजून रोज पाणी बदलत होतो. डोक्याचा आकार एकदा नीट पाहिला असता तर त्यांना पहिल्या दिवशीच वेगळं केलं असतं.

तपासून पाहा: चार फोटो काढा: वरून, बाजूने, डोकं जवळून आणि पोट. पोटाच्या फोटोसाठी प्राण्याला उलटा धरू नका. पारदर्शक डब्यात बोटभर पाण्यात ठेवा आणि डबा उचलून खालून फोटो घ्या. या चार फोटोंवरून जाणकार व्यक्ती बहुतेक वेळा जात सांगू शकते.

## टप्पा २: घेता येतो का, आणि कुठून घ्यायचा

जंगलातून पकडलेला प्राणी घेऊ नका. तो भेदरलेला असतो, अंगात परजीवी असतात आणि त्याच्या मूळ जागेतला एक प्राणी कमी होतो. हिमालयातला टायलोटोट्रायटन हा न्यूट कायद्याने संरक्षित आहे, त्याला हातही लावू नका. आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या कराराचं बंधन आहे. ॲक्सोलोटल त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि इराणमधला कैसर न्यूट २०१० पासून पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. तुम्ही राहता तिथला नियम आधी वाचा, कागदपत्रं मागा आणि बंदिवासात जन्मलेलाच प्राणी घ्या.

किती वर्षं सांभाळायचं आहे, याचाही विचार आत्ताच करा. ॲक्सोलोटल नीट ठेवला तर दहा वर्षं आणि त्याहून जास्त जगतो. टायगर आणि फायर सॅलमँडर वीस वर्षांच्याही पुढे जाऊ शकतात.

## टप्पा ३: थंडावा जमतो का ते रिकाम्या टाकीवर बघा

सगळ्यात जास्त प्राणी इथेच मरतात, म्हणून यावर घाई नको.

बहुतेक जातींना १६ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. ॲक्सोलोटलला १६ ते १८ उत्तम. पारा २४ च्या वर काही दिवस राहिला की भूक मंदावते, बुरशी धरते, अंग सुजतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्याच वेळी प्राण्याच्या शरीराची गरज वाढते. अमोनियाचं विषही तापलेल्या पाण्यात जास्त भिनतं. स्पॅनिश रिब्ड न्यूट थोडी जास्त उष्णता सोसतो, पण तोही उष्णतेचा प्राणी नव्हे.

थंड करण्याचे मार्ग दोनच भरवशाचे आहेत. पहिला, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा. बाष्पीभवनामुळे पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं, मात्र हवा दमट असेल तर कमी. दुसरा, टाकीचा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. बर्फाच्या बाटल्या अडीअडचणीला ठीक, पण दिवसातून दोनदा पारा वरखाली होणं प्राण्याला सोसत नाही. जमिनीवरच्या जातींसाठी चिलरचा उपयोग नाही, तिथे खोलीच थंड ठेवावी लागते.

सावधान: उष्णतेचा दिवा किंवा हीटर लावू नका. पाली-सरडे पाळण्याच्या सवयीतून ही चूक होते.

तपासून पाहा: वर्षातल्या सगळ्यात उष्ण आठवड्यांत रिकामी टाकी भरून ठेवा. सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री थर्मामीटर वाचा, आकडे वहीत लिहा. दुपारचा आकडा २२ च्या खाली राहत नसेल तर प्राणी आणू नका. हे सांगताना वाईट वाटतं, पण तापलेल्या पाण्यात हळूहळू मरणारा न्यूट मी पाहिला आहे.

## टप्पा ४: घर लावा

पाण्यातल्या जातींसाठी. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. मोठ्या ॲक्सोलोटलला एकट्याला किमान ७५ लिटर, दोन-तीन लहान फायर-बेली न्यूटना ६० लिटरच्या आसपास. तळाशी बारीक वाळू घाला किंवा तळ उघडा ठेवा. वाटाण्याएवढे खडे सगळ्यात घातक. ॲक्सोलोटल तोंड उघडून समोरचं सगळं आत ओढतो आणि खडा आतड्यात अडकतो. दगड ठेवायचे तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे.

फिल्टर स्पंजचा घ्या. प्रवाह जोरात असेल तर ॲक्सोलोटलचे कल्ले पुढे वळतात आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं होतं. पाण्यात काही चुकत असल्याच्या या पहिल्या खुणा आहेत. पाणवनस्पतींत जावा मॉस, अनुबियास, हॉर्नवर्ट चालतात, त्यांना कडक उजेड लागत नाही. न्यूटसाठी पृष्ठभागावर तरंगणारा बुचाच्या सालीचा तुकडा ठेवा, त्यांना कधी बाहेर बसायचं असतं. धातूच्या वस्तू आत नकोत.

झाकण घट्ट हवं. न्यूट ओल्या पोटाने काच चिकटून चढतो आणि वायर जाते त्या बोटभर फटीतूनही निसटतो. मग तो कपाटामागे वाळलेला सापडतो.

जमिनीवरच्या जातींसाठी. टायगर सॅलमँडर बिळात राहतो, त्याला १० ते १५ सेंटीमीटर थर लागतो. खत न घातलेली माती आणि नारळाचा काथ्या यांचं मिश्रण करा, वर पाचोळा आणि सालीचे तुकडे. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलांनी कातडी पोळते. एक बाजू जास्त ओली आणि दुसरी कमी ओली ठेवा, कुठे बसायचं ते प्राणी ठरवेल. पाण्याचं भांडं उथळ हवं. फायर सॅलमँडर चांगला पोहणारा नाही.

तपासून पाहा: मूठभर माती दाबा. ढेकूळ व्हायला हवं, पण बोटांमधून थेंब गळता कामा नये. गळत असेल तर पोटावर फोड येतात, ढेकूळ होतच नसेल तर कातडी सुकते.

एका टाकीत एकच जात. मासेही नकोत, ते कल्ले कुरतडतात किंवा स्वतः खाल्ले जातात. न्यूटच्या कातडीतलं विष दुसऱ्या जातीला भोवू शकतं, आणि एकाला न बाधणारा आजार दुसऱ्याला मारू शकतो.

## टप्पा ५: पाणी तयार करा आणि थांबा

टाकी सायकल करणं म्हणजे फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणूंची वस्ती होऊ देणं. प्राण्याच्या घाणीतून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्याच अंशी सोसतं. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. थंड पाण्यात जास्तही.

१. टाकी भरा, क्लोरिन काढणारं द्रावण घाला, फिल्टर चालू करा. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरिन उडतो, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिनचं टिकाऊ रूप, तसाच राहतो. म्हणून द्रावण वापरलेलं बरं.
२. शुद्ध अमोनिया थेंबाथेंबाने घालून पातळी २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्या. साबण किंवा सुगंध मिसळलेला अमोनिया चालत नाही.
३. दर दोन दिवसांनी द्रव चाचणी संचाने मोजा. अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. अमोनिया शून्याकडे आला की पुन्हा २ पीपीएम करा.
४. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत पूर्ण नाहीसा होऊन अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की सायकल झाली. आता तीन-चतुर्थांश पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट खाली येईल.

प्राणी आल्यावरचे आकडे: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली, पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ६.५ ते ७.५ च्या आसपास.

इथे लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात, कारण पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. नायट्राइट सगळ्यात जास्त असतं तेव्हाही पाणी तितकंच स्वच्छ असतं.

## टप्पा ६: आता प्राणी आणा, आणि वेगळा ठेवा

निवडताना पोट भरलेलं आणि शेपटीच्या मुळाशी मांस आहे ना ते पाहा. बोटं पूर्ण असावीत, अंगावर कापसासारखे पुंजके नसावेत. त्याला तुमच्यासमोर खाताना बघा. त्याच टाकीत आजारी प्राणी दिसत असेल तर निरोगी दिसणाराही घेऊ नका.

घरी आणताना थर्मोकोलच्या खोक्यात, थंड. मग थेट मुख्य टाकीत सोडायचं नाही. आधीचे प्राणी असोत वा नसोत, ६० ते ९० दिवस वेगळ्या साध्या डब्यात: जमिनीवरच्यांना ओला कागदी टॉवेल आणि लपायला जागा, पाण्यातल्यांना रोज बदललेलं क्लोरिनमुक्त पाणी. जाळी, चिमटा, बादली वेगळी. विष्ठेची तपासणी उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून करून घ्या.

इतकी काळजी का, तर एका बुरशीमुळे. नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर २०१० च्या सुमारास झपाट्याने नाहीसे होऊ लागले आणि २०१३ मध्ये कारण म्हणून बॅट्राकोकायट्रियम सॅलमँड्रिव्होरान्स ही नवी बुरशी सापडली. ती कातडीवर व्रण पाडते. अमेरिकेने २०१६ मध्ये २०१ जातींच्या सॅलमँडरची आयात त्याच धास्तीने थांबवली. काही जाती स्वतः आजारी न दिसता ती बुरशी बाळगून असतात.

सावधान: पाळलेला प्राणी, त्याची अंडी, वनस्पती किंवा टाकीचं पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा बागेतल्या ओलसर जागेत कधीही सोडू नका.

## टप्पा ७: खायला काय आणि किती

गांडूळ हे सगळ्यात चांगलं अन्न. प्रथिनं आणि कॅल्शियम त्यातून बरंच मिळतं, आणि लहान प्राण्याला कापून देता येतं. कीटकनाशक न मारलेल्या मातीतलंच घ्या. खताच्या ढिगातली लाल गांडुळं कडवट द्रव सोडतात, त्यामुळे काही न्यूट ती तोंडात घेऊन थुंकतात. अशा वेळी गांडुळाची जात बदला, प्राणी उपाशी ठेवू नका. गोठवलेल्या रक्तअळ्या आणि डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) जोडीला चालतात. किडे खाणाऱ्यांना त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरून द्या.

न्यूटला खाताना पाहिलं की त्याची नजर किती अधू आहे ते कळतं. गांडूळ समोर पडलं तरी तो क्षणभर स्तब्ध असतो, मग एक पाऊल पुढे, नाक खाली, मान किंचित तिरकी. गांडूळ वळवळलं की झडप. म्हणून न हलणारं अन्न बोथट चिमट्याने त्याच्या तोंडासमोर हळूच हलवा. धारदार टोकाचा चिमटा नको.

वाढत्या पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. प्राण्याचं पोट डोक्याच्या रुंदीइतकं राहिलं की प्रमाण बरोबर. गाय-कोंबडीचं मांस पचत नाही. जिवंत गोल्डफिश परजीवी आणतात, आणि त्यांच्यातला थायामिनेज जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतो. उरलेलं अन्न तासाभरात काढा.

## टप्पा ८: दर आठवड्याचं काम

पाण्याच्या टाकीत दर आठवड्याला २० टक्के पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरिनमुक्त. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरिन जिवाणू मारतो. काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा.

हात शक्यतो लावायचाच नाही. आपल्या तळव्याची ऊब आणि मीठ त्यांच्या कातडीला झोंबतं. उचलणं भागच असेल तर पावडर नसलेला, ओला हातमोजा. नंतर हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका. फायर सॅलमँडरच्या ग्रंथीत सॅमँडारिन नावाचं विष असतं. टॅरिका वंशातल्या न्यूटमध्ये टेट्रोडोटॉक्सिन असतं, पफर माशातलंच विष. सॅल्मोनेलाचाही धोका आहे, म्हणून लहान मुलांना फक्त काचेतून पाहू द्या.

## टप्पा ९: बिघाड कसा ओळखायचा

घाबरण्यासारखं नसलेलं आधी: कात टाकणं. पातळ पडदा तोंडापासून सुटतो, प्राणी तो मोज्यासारखा शेपटीवरून ओढून काढतो आणि खाऊन टाकतो. दोन दिवस भूक कमी असू शकते.

लक्ष द्यायचं ते असं. पूर्ण पाण्यात राहणारा न्यूट सतत बाहेर चढत असेल तर आधी पाणी मोजा, आकडे बरोबर असतील तर तापमान पाहा. अंगावर किंवा कल्ल्यांवर पांढरे पुंजके म्हणजे बुरशी, आणि तिच्यामागे बहुधा उष्णता किंवा अमोनिया असतो. अंग सगळीकडून फुगणं, पोटावर लालसर चट्टे, कातडीवर खड्डे किंवा व्रण: यात घरगुती उपाय करत बसू नका. प्राणी १६ अंशांच्या आसपास स्वच्छ, उथळ पाण्यात किंवा ओल्या टॉवेलवर वेगळा ठेवा आणि पशुवैद्याकडे न्या.

सावधान: माशांची औषधं घालू नका. त्यातल्या अनेकांत तांबं असतं आणि ते उभयचरांना मारतं.

## टप्पा १०: अंडी झालीच तर

न्यूटची मादी एकेक अंडं पानात दुमडून चिकटवते. आईबापच अंडी खातात, म्हणून पानासकट दुसऱ्या डब्यात हलवा. पिल्लांना पहिल्यांदा पुढचे पाय फुटतात. बेडकाच्या पिल्लांना मागचे, त्यावरून फरक ओळखता येतो. त्यांना हलणारं बारीक अन्न लागतं: ब्राइन श्रिंपची नुकती फुटलेली पिल्लं, लहान डॅफ्निया. भुकेली पिल्लं एकमेकांचे पाय तोडतात, तेव्हा आकारानुसार वेगळी करा. कल्ले आखडू लागले की पाण्याची पातळी दोन सेंटीमीटरवर आणा आणि ओल्या मॉसचा उतार लावा. त्या आठवड्यात पिल्लू पाण्यातून बाहेर येतं, आणि चढायला जागा नसेल तर बुडतं.